हॉटेलचा परवाना आणि स्वच्छतेचे नियम : ब्रिटिशकालीन मुंबईचा वारसा

मुंबईतील एखाद्या जुन्या उपाहारगृहात गल्ल्यामागच्या भिंतीकडे नजर टाकली, तर देवादिकांच्या तसबिरींशेजारी काचेच्या चौकटीत बसवलेले काही सरकारी कागद दिसतात. एक महापालिकेच्या आरोग्य खात्याचा, एक अन्न सुरक्षा कायद्याखालचा, आणखी एखादा दुसऱ्या कुठल्या खात्याचा. ग्राहकाची नजर सहसा दरपत्रकापलीकडे जात नाही. एका चहाच्या कपामागे इतक्या परवानग्या कशासाठी, असा प्रश्न हॉटेलमालकाला मात्र दरवर्षी पडतो. या प्रश्नाचे उत्तर सुमारे दीडशे वर्षांपूर्वीच्या मुंबईत सापडते. हे नियम एकाच वेळी, एकाच विचाराने तयार झालेले नाहीत. दुर्गंधीची भीती, पाण्याची भीती, जंतूंची भीती, भेसळीची भीती आणि गर्दीची भीती अशा एकावर एक चढलेल्या थरांतून ते घडले आहेत.

घराबाहेर जेवणारे शहर

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई हे देशावरून आणि कोकणातून येणाऱ्या एकट्या पुरुषांचे शहर बनले. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी कापडगिरणीची मुहूर्तमेढ रोवली आणि पुढच्या काही दशकांत गिरण्यांच्या धुराड्यांनी परळ-लालबागचे आकाश व्यापले. गिरणीत, गोदीत आणि रेल्वेत काम करणाऱ्या या माणसांचे बिऱ्हाड गावी असे. त्यामुळे पैसे देऊन जेवणे ही या शहरात चैनीची नव्हे, तर गरजेची बाब होती. गिरणगावात बायका आपल्या खोलीतच दहा-वीस जणांना महिन्याच्या हिशेबाने जेवू घालत. गिरगावात कारकून आणि विद्यार्थी यांच्यासाठी खानावळी निघाल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी इराण्यांची हॉटेले नाक्यानाक्यावर दिसू लागली. धोबीतलावची कयानी १९०४ मधली, तर बॅलार्ड इस्टेटमधली ब्रिटानिया १९२३ मधली. गोऱ्या साहेबांसाठी आणि धनिकांसाठी काळा घोड्याजवळचे वॉटसन्स आणि १९०३ मध्ये उघडलेले ताजमहाल ही हॉटेले होतीच.

हजारो माणसे रोज परक्याच्या हातचे जेवू लागली, की स्वयंपाकघर ही खासगी बाब राहत नाही. आचाऱ्याचा हात, रांजणातले पाणी आणि भांडी पुसण्याचे फडके यांचा संबंध साऱ्या वस्तीच्या आरोग्याशी येतो. परवान्याची कल्पना याच जाणिवेतून पुढे आली.

आधी दुर्गंधी, मग पाणी

१८६५ च्या कायद्याने मुंबईला म्युनिसिपल कमिशनर मिळाला आणि आर्थर क्रॉफर्ड हे पहिले कमिशनर झाले. आरोग्य अधिकाऱ्याचे पदही याच सुमारास निर्माण झाले. त्या काळी रोग हे सडलेल्या पदार्थांतून निघणाऱ्या दूषित हवेमुळे होतात, असा वैद्यकशास्त्राचा समज होता. साहजिकच सुरुवातीच्या उपाययोजनांचा रोख दुर्गंधीवर होता. कत्तलखाने वस्तीबाहेर न्यावेत, मांस-मासळीची विक्री बंदिस्त मंडईत व्हावी, भिंतींना चुना द्यावा, खोल्यांत वारा खेळावा असे हे धोरण होते. १८६९ मध्ये पूर्ण झालेली क्रॉफर्ड मार्केटची इमारत, म्हणजे आजची महात्मा जोतिबा फुले मंडई, ही या विचाराचीच साक्ष आहे. उंच छत, हवेशीर रचना आणि धुता येईल अशी फरसबंदी यांना तिथे सौंदर्याइतकेच आरोग्याचेही प्रयोजन होते.

दूषित हवेचा सिद्धांत पुढे चुकीचा ठरला. मात्र त्यावर आधारलेले सगळेच नियम निरुपयोगी ठरले नाहीत. चुना दिलेल्या भिंतीवर घाण लगेच दिसते, हवेशीर खोलीत ओल कमी राहते आणि फरशी धुतली की माश्या कमी होतात. कारण चुकीचे, पण उपाय अंशतः बरोबर, अशी ही स्थिती होती. उपाहारगृहाच्या भिंती, फरशी आणि हवा-उजेड यांविषयीच्या आजच्या अटींचे मूळ इथपर्यंत मागे नेता येते.

दुसरा थर पाण्याचा. १८६० मध्ये विहार तलावाचे पाणी शहरात आले. पाठोपाठ १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी आले. त्यापूर्वी मुंबईची तहान विहिरी आणि तळी यांवर भागत असे. रॉबर्ट कॉख यांनी १८८४ मध्ये कलकत्त्यात पटकीच्या जंतूंचा तलावाच्या पाण्याशी असलेला संबंध दाखवल्यानंतर पाण्याचा प्रश्न केवळ पुरवठ्याचा उरला नाही. पाणी नळाचे की विहिरीचे, ते साठवले कशात, त्यात हात कोण घालतो, हे प्रश्न महत्त्वाचे झाले. १९११ च्या अहवालात डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतील हिवतापाचा संबंध विहिरींत वाढणाऱ्या डासांशी जोडला. त्यानंतर विहिरी बंद करण्याची किंवा झाकण्याची मोहीम सुरू झाली, तेव्हा धार्मिक कारणांवरून तिला विरोधही झाला. शुद्ध पाणी कोणते, याविषयी नगरपालिका आणि नागरिक यांची व्याख्या एकच नव्हती, हे त्यातून स्पष्ट झाले.

कलम ३९४ ची किल्ली

या साऱ्याला कायद्याची पक्की चौकट मिळाली ती १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने. फिरोजशहा मेहता यांचा या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. या कायद्याचे कलम ३९४ विशेष महत्त्वाचे आहे. आरोग्याला किंवा जीविताला धोका पोहोचवू शकणारे, अथवा शेजाऱ्यांना उपद्रव देणारे काही धंदे आयुक्तांच्या परवान्याशिवाय करता येणार नाहीत, असे त्याचे सूत्र आहे. मुंबईत खाद्यगृहांना महापालिकेचा आरोग्य परवाना दिला जाऊ लागला तो याच कलमाच्या आधारे.

परवाना आणि दंड यांतला फरक येथे लक्षात घ्यायला हवा. दंडासाठी आधी गुन्हा घडावा लागतो, तो न्यायदंडाधिकाऱ्यापुढे सिद्ध व्हावा लागतो. तोवर दूषित अन्न लोकांच्या पोटात गेलेले असते. परवान्याचा मार्ग उलटा आहे. धंदा सुरू होण्यापूर्वीच जागा पाहिली जाते, अटी घातल्या जातात आणि ठराविक मुदतीने परवान्याचे नूतनीकरण करावे लागते. अट मोडली तर परवाना रोखता येतो. हॉटेलमालकाला दंडाच्या रकमेपेक्षा गल्ला बंद होण्याची भीती अधिक वाटते, हे ओळखूनच ही रचना केली गेली. तिची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. मालकाच्या पोटापाण्याची किल्ली निरीक्षकाच्या हाती जाते. नियम जितके मोघम, तितका निरीक्षकाचा अधिकार मोठा. परवाना पद्धतीविषयीची हॉटेल व्यावसायिकांची तक्रार म्हणूनच या पद्धतीइतकीच जुनी आहे.

प्लेगचा धडा

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले आणि मुंबईचे आरोग्य प्रशासन मुळापासून हादरले. मांडवी ही धान्याच्या गोदामांची वस्ती. लोक जथ्याने शहर सोडून गेले. १८९१ च्या जनगणनेत ८ लाख २१ हजारांवर असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७ लाख ७६ हजारांवर आली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा संमत झाला आणि सरकारला घरे तपासण्याचे, माणसे वेगळी काढण्याचे व्यापक अधिकार मिळाले. १८९८ मध्ये दाट वस्त्या मोकळ्या करण्यासाठी सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली.

प्रारंभी प्लेगवरही उपाय झाला तो घाणीवरचाच. गटारे धुतली गेली, भिंतींना चुना फासला गेला, जंतुनाशके ओतली गेली. प्लेग उंदरांच्या पिसवांमार्फत पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले; पण ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली. ते मान्य झाल्यावर अन्नाच्या साठ्याकडे पाहण्याची दृष्टी बदलली. धान्य जमिनीपासून उंचावर ठेवणे, कोठ्या झाकणे, उष्टे-खरकटे उघड्यावर न टाकणे आणि उंदरांची बिळे बुजवणे या गोष्टींना नवा अर्थ आला. आजचा निरीक्षक हॉटेलच्या कोठारात गोण्या भिंतीला टेकलेल्या आहेत का, हे पाहतो. त्या प्रश्नामागे मांडवीच्या गोदामांची आठवण आहे.

विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत डॉ. जे. ए. टर्नर मुंबईचे आरोग्य अधिकारी होते. भारतातील स्वच्छतेवरील त्यांचा मोठा ग्रंथ १९१४ मध्ये प्रसिद्ध झाला. या काळात आरोग्य खात्याचा भर वास आणि घाण यांवरून हळूहळू जंतू आणि त्यांचे वाहक यांच्याकडे सरकला. वरून धडधाकट दिसणारा माणूसही विषमज्वराचे जंतू बाळगू शकतो, हे अमेरिकेत १९०७ मध्ये उजेडात आलेल्या एका स्वयंपाकिणीच्या प्रकरणामुळे जगभर चर्चिले गेले. तेव्हापासून स्वयंपाकघराइतकाच स्वयंपाक्याचा देहही तपासणीचा विषय झाला.

धूर, भेसळ आणि पोलीस

आरोग्याचे हे नियम घडत असताना त्यांच्या बाजूने आणखी तीन कायदेशीर धागे विणले जात होते. पहिला भेसळीचा. दुधात पाणी आणि तुपात चरबी ही शहराची जुनी व्यथा. १९२५ च्या मुंबई भेसळ प्रतिबंधक कायद्याने तिला आळा घालण्याचा प्रयत्न केला. स्वातंत्र्यानंतर १९५४ मध्ये संपूर्ण देशासाठी एकच कायदा झाला. त्याखालच्या १९५५ च्या नियमांत एक अट आपल्याकडच्या प्रत्येक गृहिणीला ठाऊक असलेल्या गोष्टीची होती. नीट कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेच्या भांड्यांत खाद्यपदार्थ तयार करू नयेत किंवा ठेवू नयेत, असे हा नियम सांगत असे. आंबट पदार्थ तांब्याला लागून कळकतो, हे घरोघरीचे शहाणपण अशा रीतीने कायद्याच्या भाषेत आले.

दुसरा धागा धुराचा. १९१२ मध्ये मुंबईसाठी धूर-उपद्रव कायदा झाला. त्याचा मुख्य रोख भट्ट्या आणि गिरण्यांच्या धुराड्यांवर होता. शतकानंतरही हा प्रश्न मिटलेला नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या व तत्सम व्यवसायांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचे निर्देश दिले, तेव्हा पावाच्या जुन्या भट्ट्यांचे काय होणार, ही चर्चा पुन्हा रंगली.

तिसरा धागा पोलिसांचा. हॉटेल म्हणजे केवळ खाण्याची नव्हे, तर जमण्याचीही जागा. १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्याने खाद्यगृहांवर नियंत्रण ठेवण्याचे अधिकार पोलीस आयुक्तांना दिले. त्यात चिंता होती ती सुव्यवस्थेची. हॉटेल किती वाजेपर्यंत उघडे राहते, तेथे कोण बसते, जुगार चालतो काय, याची. महापालिका स्वयंपाकघराच्या दाराने येई, तर पोलीस पुढच्या दाराने. एकाच दुकानाला दोन निरनिराळ्या खात्यांची दारे झिजवावी लागण्याची परंपरा अशी सुरू झाली. स्वातंत्र्यानंतरच्या १९५१ च्या पोलीस कायद्यातही ती कायम राहिली.

सोवळे आणि स्वच्छता

नियमपुस्तकांत एका शब्दाचा उल्लेख कुठेच नसे, पण शहरातील प्रत्येक जेवणारा तो जाणून होता. तो शब्द म्हणजे सोवळे. ‘ब्राह्मणांचे’, ‘हिंदू’ अशा पाट्या खानावळींवर लागत, त्या स्वच्छतेची ग्वाही म्हणूनही वाचल्या जात. आचारी कोणत्या जातीचा आहे, यावरून अन्न शुद्ध की अशुद्ध हे ठरे. आरोग्य खात्याच्या लेखी मात्र पटकीचा जंतू जात विचारत नव्हता. अस्वच्छ हाताने वाढलेले सोवळ्यातले अन्नही तितकेच घातक असते, ही गोष्ट पचायला समाजाला वेळ लागला.

दादरला १९१० मध्ये सुरू झालेले मामा काणे यांचे उपाहारगृह पुढे ‘स्वच्छ उपाहारगृह’ या नावाने ओळखले जाऊ लागले. नावातच ‘स्वच्छ’ हा शब्द असणे, हे बदलत्या काळाचे चिन्ह मानता येईल. गिऱ्हाइकाला आता जातीबरोबरच, किंबहुना जातीऐवजी, स्वच्छतेची हमी हवी होती. इराण्याच्या हॉटेलात तर कोणीही यावे, संगमरवरी टेबलाशी बसावे आणि पानी-कम चहा घ्यावा, असा रिवाज होता. ओल्या फडक्याने एका हातात साफ होणारे ते टेबल आणि काचेच्या बरण्यांत झाकून ठेवलेली बिस्किटे ही आरोग्य निरीक्षकाच्या मनाजोगती व्यवस्था होती. तिथल्या भिंतींवर ग्राहकांसाठी सूचनांच्या पाट्या असत. त्यांतल्या एका हॉटेलच्या सूचनांवरून निसीम इझिकेल यांनी इंग्रजीत कविता लिहिली, इतक्या त्या शहराच्या अंगवळणी पडल्या होत्या.

सर्वत्र मात्र असे नव्हते. अनेक ठिकाणी अस्पृश्य मानल्या गेलेल्या ग्राहकाला आत प्रवेश नसे, किंवा त्याची कपबशी निराळी ठेवलेली असे आणि ती त्यानेच धुवायची असे. कपबशी उकळत्या पाण्यात धुतली आहे काय, हे पाहणारा नियम होता. ती कोणाला नाकारली जाते, हे पाहणारा नियम नव्हता. तो बराच उशिरा आला. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या अनुच्छेदाने दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे आणि हॉटेले यांत जातीवरून प्रवेश नाकारण्यास मनाई केली. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्याने त्याच्या पुढे जाऊन, उपाहारगृहात सर्वांसाठी ठेवलेली भांडी वापरू न देणे हाही गुन्हा ठरवला. एका साध्या कपबशीची कायद्याने दोनदा दखल घेतली. एकदा आरोग्यासाठी आणि एकदा माणुसकीसाठी. यांतली दुसरी दखल अधिक उशिरा घेतली गेली.

नियम कोणाचे, पोट कोणाचे

१८८८ च्या कायद्याने घडवलेल्या महापालिकेत ७२ सदस्य होते. त्यांपैकी निम्मे विभागांतील करदात्यांनी निवडून दिलेले असत. खानावळीत जेवणाऱ्या गिरणी कामगाराला मत नव्हते. मुंबई महापालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली ती थेट १९४८ मध्ये. त्यामुळे ज्यांच्या पोटासाठी स्वच्छतेचे नियम होते, त्यांचा ते नियम करण्यात वाटा नव्हता.

याचा परिणाम नियमांच्या स्वरूपातही दिसतो. स्वयंपाकघर वेगळे असावे, मोरी आणि शौचकूप त्यापासून दूर असावेत, धुराडे असावे, नळाचे पाणी असावे, या अटी दुकानाचा गाळा डोळ्यांपुढे ठेवून केलेल्या होत्या. चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत स्टोव्ह पेटवून वीस जणांना जेवू घालणाऱ्या खानावळवालीला त्या पाळणे अशक्यच होते. ती नियमबाह्य राहिली. शहराला मात्र तिच्यावाचून गत्यंतर नव्हते. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले, तेव्हा या स्त्रियांना बँकेचे कर्ज आणि धंदा करणाऱ्या व्यक्ती म्हणून ओळख मिळण्याचा मार्ग खुला झाला. नियम कडक असणे पुरेसे नसते. तो पाळण्याची ऐपत लहान व्यावसायिकाला मिळवून देणे हाही आरोग्य धोरणाचाच भाग असतो, हा धडा गिरणगावाने दिला.

आजची चौकट

१९५४ चा भेसळ प्रतिबंधक कायदा आता इतिहासजमा झाला आहे. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालच्या नियमावलीत परवानाधारकांसाठी स्वच्छतेच्या अटींची एक स्वतंत्र अनुसूची आहे. पिण्यायोग्य पाणी, धुता येण्याजोग्या भिंती व फरशी, झाकलेल्या कचरापेट्या, कीटक आणि उंदीर यांचा बंदोबस्त, कामगारांची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी आणि विषमज्वर गटातील रोगांवरील लस या गोष्टी तीत आहेत. लहान विक्रेत्यांसाठी परवान्याऐवजी साधी नोंदणी ठेवण्यात आली आहे. खानावळवालीला जे शंभर वर्षांपूर्वी मिळाले नाही, ते तिच्या नातीला निदान कागदावर तरी उपलब्ध झाले, असे म्हणता येईल. अस्वच्छ स्थितीत अन्न तयार करणाऱ्याला या कायद्याखाली एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही यादी वाचली की जुने थर ओळखू येतात. भिंती व हवा हा दुर्गंधीच्या भीतीचा थर. नळाचे पाणी हा पटकीचा. उंदीर हा प्लेगचा. आचाऱ्याची तपासणी हा जंतुशास्त्राचा. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीत महाराष्ट्रात लागू केला गेला तोही १८९७ चाच साथरोग कायदा. त्या वर्षी बंद झालेली राज्यातील उपाहारगृहे ५ ऑक्टोबरपासून निम्म्या आसनक्षमतेने पुन्हा उघडली, तेव्हा टेबलांमधले अंतर आणि वेटरच्या तोंडावरचा मुखपट्टा हेही काही काळ परवान्याच्या अटींइतकेच अपरिहार्य बनले.

भिंतीवरच्या चौकटीतला तो कागद म्हणूनच निव्वळ उपचार मानता येत नाही. त्यातील प्रत्येक अटीमागे कधीतरी कोणीतरी आजारी पडले आहे, बहुधा दगावलेही आहे. हॉटेलमालकाच्या लेखी ती कटकट असेल आणि काही वेळा ती अडवणुकीचे साधनही बनते, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र परवाना कोणाच्या नावाचा आहे आणि मुदत कधी संपते, हे पाहण्याचा हक्क आत बसलेल्या ग्राहकालाही आहे. चहा येईपर्यंतची दोन मिनिटे त्यासाठी पुरेशी आहेत.